वेस्ट पॉइंटचा १९१२ सालचा फुटबॉल सीझन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरने ऑलिंपिकविजेत्या जिम थॉर्पला फुटबॉलच्या सामन्यात पाडलं होतं का, हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. त्याच्या मागोमाग इतरही येतात: टीम कुठली, नियम काय होते, अमुक जनरल त्यात होता का. एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो. ज्यांना फक्त थॉर्प-आयझेनहॉवरचा किस्सा हवा आहे त्यांनी थेट प्रश्न ७ आणि ८ वाचावेत. पण थॉर्पची टीम कार्लाइल, तिच्याबद्दलचा प्रश्न ६ गाळला, तर किश्श्यातला अर्धा जीव जातो.

१. हा फुटबॉल म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल ना?

नाही. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू अंडाकृती, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. एकेका संधीला 'डाऊन' म्हणतात. चारही संधींत जमलं नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. म्हणून चौथ्या संधीला बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून देतात, तो 'पंट'. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेलात की 'टचडाऊन'. कबड्डीतली पकड पाहिलेल्याला टॅकल वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की इथे पळणाऱ्याच्या बाजूचे दहा जण धक्के मारत त्याची वाट मोकळी करत असतात.

२. वेस्ट पॉइंट म्हणजे आपल्या एनडीएसारखं का? आणि टीमचं नाव नुसतं 'आर्मी' कसं?

थोडंफार तसंच. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठावर १८०२ पासून ही लष्करी अकादमी आहे. आपल्या खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षं एकत्र शिकतात आणि मग आपापल्या दलाच्या अकादमीत जातात. वेस्ट पॉइंट फक्त लष्कराचं, चार वर्षांचं, आणि तिथून बाहेर पडलेला थेट अधिकारी होतो. नौदलाची अकादमी वेगळी, मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला. कॉलेज फुटबॉलमध्ये पहिलीला 'आर्मी' आणि दुसरीला 'नेव्ही' म्हणायची पद्धत पडली ती आजतागायत आहे. त्यामुळे 'टफ्ट्सने आर्मीविरुद्ध ६ गुण केले' असं वाक्य वाचून दचकू नये.

३. १९१२ चे सगळे निकाल एका जागी मिळतील का?

हे घ्या. आर्मीचे गुण आधी: स्टीव्हन्स २७–०, रटगर्स १९–०, येल ०–६, कोलगेट १८–७, कार्लाइल ६–२७, टफ्ट्स १५–६, सिरॅक्यूज २३–७, नेव्ही ०–६. आठ सामने, पाच विजय, तीन पराभव. केलेले गुण १०८, दिलेले ५९. कोच अर्नेस्ट ग्रेव्ह्ज. हा वेस्ट पॉइंटचाच माजी विद्यार्थी आणि इंजिनिअर्सचा अधिकारी. त्या काळी आर्मीचा कोच असाच लष्करातून यायचा. कॅप्टन लीलँड डेव्होर, 'टॅकल' या जागेवर खेळणारा; आदल्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेलेला.

यादी नीट पाहिली तर गंमत कळते. ज्यांना हरवायलाच हवं होतं त्या सगळ्यांना हरवलं, आणि ज्या तीन सामन्यांवर कॅडेटांचा जीव होता ते तिन्ही गेले. त्यातल्या दोघांत तर एकही गुण नाही.

४. इतक्या साधारण सीझनबद्दल लोक अजून का बोलतात?

खेळापेक्षा माणसांमुळे. आर्मीकडून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला एक मुलगा खेळत होता, आणि समोर एका दुपारी त्या काळातला जगातला सगळ्यात नावाजलेला अ‍ॅथलीट उभा राहिला. माझं मत विचाराल तर आर्मीचा १९१३ चा सीझन खेळ म्हणून कितीतरी सरस होता (प्रश्न १२). पण गोष्टी सांगितल्या जातात त्या १९१२ च्या.

५. तेव्हाचे नियम आजच्यासारखेच होते का?

त्याच वर्षी ते आजच्या जवळ आले. १९११ पर्यंत दहा यार्डांसाठी तीनच संधी होत्या. १९१२ पासून चार. टचडाऊनचे पाच गुण होते, ते सहा झाले. मैदान ११० यार्डांचं होतं, ते १०० यार्डांचं झालं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे पट्टे आखले गेले. वीस यार्डांपलीकडे पास फेकायला बंदी होती, ती उठली. टचडाऊननंतरच्या किकला एक गुण आणि फील्ड गोलला (खेळता खेळता चेंडू लाथाडून गोलच्या खांबांमधून घालवला की) तीन, हे आधीपासून होतंच.

दोन गोष्टी मात्र आजच्या प्रेक्षकाला चकवतात. एक, तेच अकरा जण आक्रमणही करायचे आणि बचावही. आयझेनहॉवर चेंडू घेऊन पळायला हाफबॅक, आणि चेंडू समोरच्यांकडे गेला की लाइनबॅकर. दुसरी, बाहेर काढलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या त्याच पाव भागात, परत आत येऊ शकत नसे. प्रश्न ८ साठी हे लक्षात ठेवा. हेल्मेट चामड्याचं असायचं, आणि ते घालायची सक्ती नव्हती.

६. कार्लाइल हे कुठलं कॉलेज? आता का दिसत नाही?

ते कॉलेज नव्हतंच. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली ती सरकारी निवासी शाळा होती. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ज्यांना 'रेड इंडियन' म्हटलं जायचं, त्या मूळ रहिवासी जमातींची मुलं दूरदूरहून तिथे आणली जात. केस कापायचे, नाव बदलायचं, गणवेश चढवायचा, स्वतःची भाषा बोलायची नाही. ही शाळेची 'सुधारणा'. बरीच मुलं आजाराने तिथेच गेली आणि तिथेच पुरली गेली. त्यांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत देण्याचं काम अमेरिकेच्या लष्कराने २०१७ पासून हाती घेतलं.

या शाळेची फुटबॉल टीम मात्र मोठमोठ्या विद्यापीठांना घाम फोडायची. कोच ग्लेन 'पॉप' वॉर्नर डोकेबाज माणूस. खेळाडू तुलनेने हलके होते म्हणून त्याने वेग आणि चकव्यावर सगळा खेळ उभा केला. १९१२ मध्ये कार्लाइलने बारा सामने जिंकले, एक हरले, एक बरोबरीत सोडवला. टीमच्या तिकिटांचा पैसा कुठे जातो यावरून पुढे १९१४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, चौकशी केली. १९१८ मध्ये शाळा बंद झाली आणि जागा लष्कराकडे परत गेली. आज त्याच आवारात लष्कराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं वॉर कॉलेज आहे.

आर्मी आणि कार्लाइल यांची त्याआधी एकदाच गाठ पडली होती, १९०५ मध्ये. तीही कार्लाइलने ६–५ अशी जिंकली.

७. ९ नोव्हेंबर १९१२ ला नक्की काय झालं?

सामना वेस्ट पॉइंटलाच, 'द प्लेन' नावाच्या परेडच्या मैदानावर. थॉर्प चारच महिन्यांपूर्वी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकून आला होता. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. वॉर्नरने नेमकं हेच हेरलं होतं. त्याने त्या दिवशी 'डबल विंग' नावाची नवी मांडणी आणली. दोन्ही हाफबॅक मागे उभे न राहता रांगेच्या दोन टोकांना बाहेर सरकलेले. चेंडू कोणाकडे जाणार, डावीकडून येणार की उजवीकडून, पळणार की फेकणार, याचा पत्ता बचाव करणाऱ्याला लागायचा नाही. सगळे थॉर्पकडे धावायचे आणि चेंडू अ‍ॅलेक्स आर्कासाच्या काखेत असायचा.

पहिला टचडाऊन आर्मीचाच, पण त्यानंतरची किक हुकली: ६–०. मग कार्लाइलच्या जो बर्जीने टचडाऊन केला, थॉर्पने किक बसवली, आणि मध्यंतराला ७–६. इथपर्यंत सामना कुणाचाही होता.

मध्यंतरानंतर सुरुवातीलाच आर्मीचा कॅप्टन डेव्होर बाहेर गेला. समोर जो गायन नावाचा पोरगा होता, डेव्होरपेक्षा बराच हलका. पहिला अर्धा वेळ त्याने डेव्होरला सळो की पळो करून सोडलं होतं. डेव्होरचा संयम सुटला, तो गायनच्या अंगावर तुटून पडला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. कॅप्टन गेल्यावर आर्मीला पुढे एकही गुण करता आला नाही. उरलेल्या वेळात कार्लाइलने वीस गुण केले. चार टचडाऊनपैकी तीन एकट्या आर्कासाचे, एक बर्जीचा. त्यावर थॉर्पच्या तीन किक. चार सक चोवीस आणि तीन, सत्तावीस. या हिशेबाचा उपयोग प्रश्न ९ मध्ये होणार आहे.

८. आयझेनहॉवरने थॉर्पला जखमी केलं, की थॉर्पमुळे आयझेनहॉवरचा गुडघा गेला? दोन्ही वाचलंय.

दोन्ही चूक.

ड्वाइट आयझेनहॉवर तेव्हा बावीस वर्षांचा, कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनचा, दुसऱ्या वर्षाचा कॅडेट. पहिल्या वर्षी अंगात मांस नाही म्हणून मोठ्या टीममध्ये जागा मिळाली नव्हती. वर्षभर खाऊन-पिऊन, मेहनत करून त्याने वजन वाढवलं आणि १९१२ मध्ये आत शिरला. वर्तमानपत्रं त्याचं नाव घेऊ लागली होती.

थॉर्पला थांबवायचं म्हणून त्याने आणि चार्ल्स बेनेडिक्टने एक डाव ठरवला होता, असं सांगितलं जातं: एकाने पायाशी शिरायचं, दुसऱ्याने छातीशी, एकाच वेळी. एकदा तो जमला. थॉर्प पडला, आणि उठून पुन्हा खेळू लागला. पुढच्या वेळी दोघं तसेच सुसाट आले, तेव्हा थॉर्प ऐनवेळी जागच्या जागी थबकला, आणि हे दोघं एकमेकांवर आदळले. कोचने दोघांनाही बाहेर घेतलं. 'आम्ही ठीक आहोत' म्हणून उपयोग नव्हता. नियम प्रश्न ५ मध्ये दिला आहे.

गुडघ्याचं प्रकरण पुढच्या आठवड्यातलं, टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यातलं. पळताना कुणाचा तरी हात पायाला अडकला, पाय पिरगळला, गुडघा सुजला. तेवढ्यावर भागलं असतं. इस्पितळातून सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो घोडेस्वारीच्या कवायतीला उभा राहिला. ही कवायत म्हणजे पळत्या घोड्यावरून खाली उडी मारायची, पाय जमिनीला टेकले न टेकले तोच उसळी घेऊन परत वर चढायचं. खाली उतरताना सगळा भार त्याच गुडघ्यावर आला आणि तो कायमचा निकामी झाला. फुटबॉल तिथेच संपला. थॉर्पचा त्यात काडीचाही संबंध नाही, पण 'घोड्यावरून उतरताना' हे सांगायला कुणाला आवडत नाही.

९. थॉर्पने त्या सामन्यात ९२ यार्ड पळून टचडाऊन केला, तो रद्द झाल्यावर लगेच ९७ यार्ड पळून दुसरा केला, हे खरं का?

गोष्ट झकास आहे, पण गुणफलकात बसत नाही. कार्लाइलचे चार टचडाऊन कोणाचे ते प्रश्न ७ मध्ये आहे, आणि त्यात थॉर्पचा एकही नाही. त्या वेळच्या बातम्यांत एक प्रसंग जरूर आहे: थॉर्पने आर्मीची किक झेलली आणि जवळपास अख्ख्या आर्मीला चकवत रेषेपार गेला. पण सोबतच्या खेळाडूच्या चुकीमुळे तो टचडाऊन धरला गेला नाही. रद्द झालेली ही धाव सांगणाऱ्यागणिक लांब होत गेली आणि शेवटी तिला एक जुळी बहीण झाली. थॉर्पचा खरा पराक्रम असा, की एकही टचडाऊन न करता त्या दिवशी त्याच्याचबद्दल लिहिलं गेलं.

१०. सामन्याआधी वॉर्नरने 'तुमच्या बापजाद्यांना यांच्या बापजाद्यांनी मारलं' असं भाषण केलं होतं म्हणतात.

तशा आशयाचं बोलला, असं खेळाडूंच्या आठवणींतून आलेलं आहे. शब्द कुणी टिपून ठेवले नव्हते, म्हणून अवतरणचिन्हांत जे भाषण फिरतं ते जसंच्या तसं धरू नये.

भाषणाची गरज होती का, हा खरा प्रश्न. वूंडेड नी इथे लष्कराने लकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांची कत्तल केली ती २९ डिसेंबर १८९० ला, म्हणजे सामन्याच्या जेमतेम बावीस वर्षं आधी. आयझेनहॉवर तेव्हा अडीच महिन्यांचा होता. मैदानावरच्या कुणालाही हे इतिहासाच्या पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

११. नेव्हीविरुद्ध काय झालं? त्या सामन्याला एवढं महत्त्व का?

३० नोव्हेंबर, फिलाडेल्फियाचं फ्रँकलिन फील्ड. नेव्हीच्या जॉन 'बेब' ब्राऊनने दोन फील्ड गोल मारले, तीन आणि तीन सहा, बस्स. आयझेनहॉवर अर्थातच बाहेर. आदली दोन वर्षंही आर्मी ०–३, ०–३ अशीच हरली होती. दोन्ही वेळा नेव्हीच्या जॅक डाल्टनच्या एकाच किकवर, आणि त्याचं टोपणनावच 'थ्री-टु-नथिंग' पडलं होतं. म्हणजे सलग तीन वर्षं नेव्हीपुढे आर्मीच्या खात्यात भोपळा.

महत्त्वाचं म्हणाल तर बाकी सगळा सीझन हरून नेव्हीला हरवलं तरी कॅडेट खूश असतात. पहिला सामना १८९० चा, 'द प्लेन'वरच. तो नेव्हीने २४–० असा घेतला. १८९३ नंतर भांडणं इतकी विकोपाला गेली की काही वर्षं सरकारनेच सामना बंद ठेवला. १८९९ पासून तो तटस्थ जागी पुन्हा सुरू झाला.

१२. नॉट्र डेम विद्यापीठाने पास फेकून फेकून आर्मीला हरवलं तो हाच सीझन ना?

नाही, तो पुढचा. १ नोव्हेंबर १९१३, नॉट्र डेम ३५, आर्मी १३. गस डोराईसने फेकायचं आणि नूट रॉकनीने झेलायचं. पासचा शोध त्या दिवशी लागला असंही लिहिलेलं असतं, ते चूक. पास १९०६ पासून कायदेशीर होता. त्या सीझनमध्ये कोच चार्ल्स डेली होता, आणि आर्मी एवढा एकच सामना हरली. धडा मात्र घेतला: त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नेव्हीला २२–९ असं हरवलं, आणि त्यात व्हर्नन प्रिचर्डचे लुई मेरिलाटकडे फेकलेले पास होते.

१३. आर्मी-नेव्ही सामन्यांच्या यादीत १९०९ का नाही?

त्या वर्षी ३० ऑक्टोबरला हार्वर्डविरुद्ध खेळताना आर्मीचा यूजीन बर्न हा कॅडेट चेंगरला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारला. अकादमीने उरलेला सीझन रद्द केला, नेव्हीचा सामनाही. त्याच महिन्यात नेव्हीचा अर्ल विल्सन व्हिलानोव्हाविरुद्ध जबर जखमी झाला होता. तो पुढच्या एप्रिलपर्यंत झुंजला आणि गेला.

हे अपवादात्मक नव्हतं. खेळाडू मरतात म्हणून १९०५ मध्येच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं होतं. त्यानंतर पास आला, आणि जी संघटना उभी राहिली तीच आजची एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संघटना. तिचा पहिला अध्यक्ष वेस्ट पॉइंटचाच अधिकारी होता, पामर पिअर्स. १९१२ चे नियमही (प्रश्न ५) याच वाटेवरचे: गर्दीत घुसून एकमेकांना चिरडण्याऐवजी मोकळा खेळ व्हावा म्हणून केलेले.

१४. पॅटन, ब्रॅडली, मॅकआर्थर हेही या टीममध्ये होते का?

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या या जनरलांपैकी मॅकआर्थर १९०३ लाच, पॅटन १९०९ ला बाहेर पडले होते. पॅटन १९१२ च्या उन्हाळ्यात वेगळ्याच ठिकाणी होता: स्टॉकहोमला, थॉर्पच्याच ऑलिंपिकमध्ये, मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये पाचवा. ओमर ब्रॅडली आयझेनहॉवरच्याच वर्गातला, पण तो मोठ्या टीमकडून नंतर, १९१४ मध्ये खेळला.

१९१२ मध्ये जे खरोखर मैदानावर होते त्यांतला जेफ्री कीज पुढे सिसिलीत पॅटनचा उपसेनापती झाला. आणि क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) प्रिचर्डने इटलीत पहिल्या चिलखती डिव्हिजनचं नेतृत्व केलं. आयझेनहॉवरच्या १९१५ च्या तुकडीतून १६४ जण बाहेर पडले आणि त्यांतले ५९ जनरल झाले.

१५. दुसऱ्या कॉलेजात खेळून झालेला मुलगा आर्मीकडून पुन्हा खेळू शकायचा?

हो, आणि यावरून भरपूर वाद झाले. वर उल्लेख आलेला चार्ल्स डेली आधी हार्वर्डचा नामांकित क्वार्टरबॅक, मग वेस्ट पॉइंटला येऊन पुन्हा खेळाडू, आणि नंतर कोच. इतर कॉलेजांत तीन वर्षांची मर्यादा रूढ होत गेली. आर्मीने ती मानली नाही. १९२८ आणि १९२९ ला नेव्हीने सामनाच खेळला नाही, तो याच कारणावरून.

१६. थॉर्पची पदकं का काढून घेतली? परत मिळाली का?

या सामन्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १९१३ मध्ये, त्याने आधी नॉर्थ कॅरोलिनात थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं उघड झालं. हौशी खेळाडूंचा नियम मोडला म्हणून पदकं गेली. त्या काळी कितीतरी कॉलेजची पोरं खोट्या नावाने असं खेळायची. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, एवढाच त्याचा गाढवपणा. तरुणपणी टोपणनावाने पैसे घेऊन बेसबॉल खेळलो, असं पुढे १९४५ मध्ये खुद्द आयझेनहॉवरनेही सांगितलं होतं. त्याचं काही बिघडलं नाही.

थॉर्प १९५३ मध्ये वारला. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला सहविजेता ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती दिल्या. एकमेव विजेता म्हणून नोंद व्हायला २०२२ उजाडलं.

१७. गुडघा गेल्यावर आयझेनहॉवरने काय केलं?

आधी अकादमी सोडायचा विचार केला, मित्रांनी थोपवलं. सिगारेट ओढायला लागला. मैदानाच्या कडेला उभा राहून कॅडेटांकडून आरोळ्या देऊन घ्यायचं काम केलं, मग धाकट्या टीमचा कोच झाला. त्यात तो चांगलाच रमला. नोकरी लागल्यावरही टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओच्या एका कॉलेजची टीम त्याने शिकवली. १९१५ मध्ये पदवीच्या वेळी हाच गुडघा आडवा आला. असा पाय असलेल्याला अधिकारी करावं की नाही, यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांत खल झाला आणि घोडदळात जाणार नाही या बोलीवर त्याला पायदळात घेतलं.

१८. ते मैदान आज पाहता येतं का?

'द प्लेन' आहे, तिथे आजही परेड होते. फुटबॉल १९२४ पासून वर टेकडीवरच्या मिची स्टेडियममध्ये गेला. १८९० चा तो पहिला सामना ज्याने जमवून आणला त्या डेनिस मिचीचं नाव स्टेडियमला दिलंय. तो १८९८ मध्ये क्यूबाच्या लढाईत मारला गेला. अकादमी चालू लष्करी ठाणं आहे, त्यामुळे आत जायला ओळखपत्र दाखवून रीतसर परवानगी घ्यावी लागते.